रुमाल, स्नो आणि एसपीएफ : देवणी परिसरातील उन्हाच्या बचावाचा इतिहास

देवणी हे लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कर्नाटकाच्या सीमेलगत, साधारण सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावरचे तालुक्याचे गाव. या अक्षांशामुळे सूर्य वर्षातून दोनदा गावाच्या ऐन माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत बहुधा आभाळ भरलेले असते. मेमध्ये मात्र उभ्या काठीची सावली भर दुपारी तिच्या बुडाशी गोळा होते. शेते नांगरून उघडी पडलेली असतात, कडेला लिंब-बाभळीची तेवढी सावली, आणि पारा चाळिशीच्या वर. या मुलखातला पोशाख, कामाच्या वेळा आणि पुढे बाजारात आलेली सनस्क्रीनची ट्यूब या सगळ्यांची सुरुवात या उन्हापासून होते.

मराठीत ‘ऊन’ हा एकच शब्द उजेडाला लागतो आणि तापालाही. अंगणात ऊन पडते, आंघोळीला ऊन पाणी लागते आणि रानात राबणाऱ्याला ऊन लागते. जुन्या पिढ्यांनी उन्हापासून जो बचाव शोधला तो मुख्यतः तापापासून. उन्हात डोळ्यांना न दिसणारा आणि कातडीला तत्काळ न जाणवणारा अतिनील किरणांचा भागही असतो, हे १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. ताप कळतो, अतिनील किरण कळत नाहीत. ट्यूबच्या लेबलवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न याच फरकातून उपजला.

तापावरचा पहिला उपाय वेळेचा होता. उन्हाळी नांगरट पहाटे धरायची, ऊन चढले की औत सोडायचे, बैल झाडाखाली बांधायचे आणि माणसांनीही तिथेच भाकरी खाऊन आडवे व्हायचे. दुसरा उपाय कापडाचा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल म्हणजे खिशातला हातरुमाल नव्हे, तर कित्येक हात लांबीचे, वेढ्यावर वेढे देऊन बांधायचे कापड. निजामाच्या राज्यात नांदेडची तलम मलमल आणि जरीकाठी उपरणी नावाजलेली होती. शेतातला रुमाल मात्र जाडाभरडा असे. खांद्यावरच्या लहान पंच्याला इकडे आजही ‘दस्ती’ म्हणतात. ती घाम पुसायला, तोंडाला गुंडाळायला, भाकरी बांधायला आणि ओली करून मानेवर टाकायला अशी सगळीकडे चालते. बायकांच्या डोईवरच्या पदराला रीतीचे कारण होते, पण खुरपणीला बसलेल्या बाईच्या मानेवर आणि कानशिलांवर पडणारे ऊन तोच अडवत असे.

देवणीचे नाव दूरवर पोचले ते इथल्या गोवंशामुळे. देवणी जनावराचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार मानतात. वानेऱ्याचे अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग वेडेवाकडे विखुरलेले. बालंक्या बहुतेक पांढराच. भारतीय वंशाच्या गुरांत पांढऱ्या केसांखाली काळसर कातडी पुष्कळदा आढळते. केस ऊन परतवतात आणि खालची कातडी उरलेले किरण शोषते. हे जनावर विकत घेणारा माणूस त्याच्या तोंडात हात घालून दात पाहतो, दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की जुळलेला आहे हे ठरवतो, पायाची चाल पाहतो, वशिंडावर हात फिरवतो. मग दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बोटे दाबतात आणि भाव मुक्यानेच ठरतो. डोक्यावर सावली धरणारे कापडच व्यवहाराचा आडोसा होत असे. माल समोर, पारख हातात, अशी ही बाजाराची रीत होती. रुमालाचे कापड घेतानाही लोक ते उजेडात धरून वीण पाहत.

ही पारख जिथे चालेनाशी झाली तो माल बाटलीतून आला. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ ही चेहऱ्याची क्रीम बाजारात आणली आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत कायमचा रुळला. टाटा ऑइल मिल्सने १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत केशव विष्णू पेंढरकर यांनी ‘विको’ची स्थापना केली, आणि १९७५च्या सुमारास विकोची हळदीची क्रीम व हिंदुस्थान लिव्हरची ‘फेअर अँड लव्हली’ पाठोपाठ दुकानांत आल्या. विकोची क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर कराच्या निमित्ताने अनेक वर्षे खटला चालला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. डबीवर काय लिहिले आहे आणि ते कोणत्या कायद्याखाली लिहिले आहे यावर किती अवलंबून असते, हे त्या खटल्याने सगळ्यांना दाखवले.

जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानातून, गावातल्या ‘कटलरी’तून या क्रीम पुड्यांच्या रूपात खेड्यापर्यंत गेल्या. विकली जात होती ती गोरेपणाची आशा. गोरेपणाच्या क्रीममध्ये ऊन अडवणारी द्रव्येही घातलेली असत, पण विक्रीचा भर त्यांवर नसे. या धंद्याने कितीतरी मुलींना आपल्या रंगाची लाज वाटायला लावली, आणि उन्हाने कातडीला खरोखर काय होते हे समजून घेण्याची संधी दोन पिढ्यांनी गमावली. ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला तो २०२० साली.

ऊन अडवणारी क्रीम म्हणून ओळखला जाणारा माल तोवर युरोप-अमेरिकेत जुना झाला होता. फ्रान्समध्ये लोरेआलने १९३०च्या दशकात उन्हासाठीचे तेल काढले. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स ग्रायटर आल्प्समध्ये गिर्यारोहण करताना भाजून निघाले आणि त्यातून त्यांची क्रीम आली. संरक्षण आकड्यात मोजण्याची कल्पना रुडॉल्फ शुल्त्से यांनी १९५६ मध्ये मांडली, आणि पुढे ग्रायटर यांनी तिला ‘सन प्रोटेक्शन फॅक्टर’ म्हणजे एसपीएफ हे नाव रूढ केले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये हा आकडा स्वीकारला.

हा आकडा निघतो कसा, ते समजले की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. किमान दहा स्वयंसेवकांच्या पाठीवर चौकोन आखतात. काही चौकोनांवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या मापाने क्रीम पसरतात, काही कोरे ठेवतात. सूर्यासारखा प्रकाश देणारा दिवा वाढत्या मात्रेने त्यांवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी कातडी कुठे लाल झाली ते पाहतात. कोरी कातडी जेवढ्या मात्रेने लाल होते, तिच्या ३० पट मात्रा क्रीमखालच्या कातडीला लागली तर एसपीएफ ३०. लाली स्पष्ट दिसावी म्हणून उजळ कातडीची माणसे निवडतात. एसपीएफ १५ ची क्रीम लाली आणणारे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० ची ९७ आणि ५० ची ९८. म्हणजे तीसवरून पन्नासवर जाताना फरक पडतो तो एका टक्क्याचा.

लाली मुख्यतः अतिनीलातल्या यूव्हीबी किरणांनी येते. कातडी काळवंडवणारे, डाग गडद करणारे यूव्हीए किरण त्या आकड्यात नीटसे धरले जात नाहीत. त्यासाठी जपानने १९९६ मध्ये ‘पीए’ ही खूण आणली, आणि अधिकच्या चिन्हांची संख्या वाढेल तसे यूव्हीए संरक्षण वाढते. सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याचे स्वतःचे संरक्षण असते, ती सहज भाजत नाही, पण वांग आणि काळे डाग तिच्यावरच उठून दिसतात. म्हणून देवणीतल्या बाईला एसपीएफइतकीच पीएची खूण पाहण्याची गरज आहे. वांग असणाऱ्यांना लोह-ऑक्साइड असलेली, रंगाची झाक असणारी क्रीम अधिक उपयोगी पडते, कारण दिसणारा उजेडही वांग वाढवतो.

मराठवाड्यात सनस्क्रीन प्रथम आली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि तिच्यामागे एक तण होते. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली. पुढे ते राज्यभर बांधाबांधांवर पसरले. त्याच्या संपर्काने होणारा त्वचारोग शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या लवणीत उठतो, आणि पुष्कळांत ऊन लागले की चिघळतो. अशा रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ औषधाबरोबर उन्हाची क्रीम देतात. तिची ट्यूब ‘मेडिकल’वरच मिळे आणि रोज राबणाऱ्या माणसाला तिची किंमत जड जाई. स्वस्त ब्रँड, लहान पाऊच आणि मोबाइलवरून मागवलेल्या ट्यूब आल्या त्या गेल्या काही वर्षांत. त्याच काळात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली-बायकांनी स्कार्फ आणि पांढरा सुती सनकोट स्वीकारला. हा पोशाख रस्त्याकडेच्या विक्रेत्यांकडून आला, कोणत्याही कंपनीने तो शिकवला नाही, आणि पदराचे काम तो अधिक चोख करतो.

लेबलांवर विश्वास किती ठेवावा, याचे उत्तर कायद्यात शोधावे लागते. अमेरिकेत सनस्क्रीन औषध मानली जाते, भारतात सौंदर्यप्रसाधन. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम तिला लागू होतात. उत्पादकाला परवाना लागतो. ट्यूबवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, घटक आणि उत्पादकाचा पत्ता छापावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. मात्र परवाना मिळाला म्हणजे ट्यूबवरचा एसपीएफ सरकारने मोजून पाहिला असे नाही. आकडा खरा असण्याची जबाबदारी उत्पादकाची असते.

ही फट २०२५ च्या एप्रिलमध्ये उघड झाली. आता हिंदुस्थान युनिलिव्हरच्या मालकीच्या लॅक्मेने जाहिरातीत दावा केला, की एसपीएफ ५० लिहिलेल्या एका लोकप्रिय क्रीमचे संरक्षण प्रत्यक्षात २० इतकेच भरते. जाहिरातीचा रोख आपल्यावर आहे असे म्हणत ‘द डर्मा को’ या ब्रँडची मालक कंपनी होनासा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात. अखेर युनिलिव्हरने जाहिरातीत बदल करण्याचे मान्य केले. वाद जाहिरातीचा होता. कोणती ट्यूब किती अडवते हे न्यायालयाने मोजले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ऑस्ट्रेलियातील ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने तिथल्या २० सनस्क्रीन तपासल्या. त्यांपैकी १६ लिहिलेल्या आकड्याला उतरल्या नाहीत, आणि ५०+ लिहिलेल्या एकीचा एसपीएफ ४ निघाला. ऑस्ट्रेलियाचे नियम जगातल्या कडक नियमांत गणले जातात, आणि कमी पडलेल्यांत महागड्या क्रीमही होत्या. किंमत वाढली म्हणून आकडा खरा ठरत नाही, आणि स्वस्त म्हणून खोटा ठरत नाही.

तेव्हा देवणीच्या बाजारात ट्यूब निवडताना किमतीआधी मजकूर वाचावा. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, पीएची किमान तीन चिन्हे, परवाना क्रमांक, मुदत, आणि माणसांवर चाचणी केल्याचा उल्लेख किंवा कंपनीने खुला केलेला अहवाल. ‘हर्बल’ किंवा ‘नैसर्गिक’ या शब्दांवरून संरक्षणाबद्दल काहीच कळत नाही. उन्हात तापलेल्या टपरीतली ट्यूब टाळावी, कारण उष्णतेने मिश्रण फुटते. आकडा खोटा वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

प्रयोगशाळेच्या मापाने चेहरा आणि मान यांना एका वेळी सुमारे सव्वा ग्रॅम क्रीम लागते, म्हणजे दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा. दिवसातून दोनदा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम तीन आठवडे पुरते. बहुतेक लोक निम्मीच लावतात, मग संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याखाली येते. म्हणून भाव ट्यूबवर न पाहता ग्रॅममागे पाहावा. दिवसभर शेतात राबणाऱ्या घराला महाग ट्यूब जपून लावण्यापेक्षा साधी ट्यूब भरपूर लावणे परवडते. कापडाचेही मोजमाप आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने त्यासाठी १९९६ मध्ये मानक केले. एकेरी पातळ पांढऱ्या सुती कापडाचा आकडा दहाच्या आत राहतो आणि ओले झाल्यावर आणखी उतरतो. दाट विणीचे, गडद किंवा घडीवर घडी घातलेले कापड पुष्कळ पुढे जाते. वेढ्यांचा रुमाल याच कारणाने चांगला ठरतो. डोके, कान आणि मान रुमालाने, हात लांब बाह्यांनी झाकले, की क्रीम लागते ती नाक, गाल आणि तळहाताच्या मागच्या बाजूपुरती, आणि तीच ५० ग्रॅमची ट्यूब महिना-दीड महिना जाते.