‘सुटका’ या शब्दाचा इतिहास



बाई बाळंत झाली की मराठीत ‘सुटली’, ‘मोकळी झाली’ असे म्हणतात. सुटका व्हायची ती संकटातून. आयुष्यभर मराठी शिकविल्यामुळे शब्दाआड दडलेला इतिहास शोधण्याची मला सवय जडली आहे. या शब्दाच्या आड आपल्या आज्या-पणज्यांचे भय दडले आहे.

त्या भयाचा सर्वश्रुत दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात मुक्कामाला असताना जून १६३१ मध्ये मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्याच्या, गौहरआराच्या, जन्मानंतर मरण पावली. तिचा देह आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला गेला आणि वर्षअखेरीस आग्र्यास नेण्यात आला. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाने तिचा अंत झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. हकीम, दासी, द्रव्य, कशाचीच तिला वाण नव्हती. परंतु गर्भाशय आकुंचित करून रक्त थांबविणारे खात्रीचे इंजेक्शन तेव्हा नव्हते आणि दुसऱ्याचे रक्त सुरक्षितपणे देण्याची विद्याही नव्हती. रक्तगटांचा शोध लागायला १९०१ साल उजाडावे लागले.

मग खेड्यातल्या बाईची काय कथा! अंधारी खोली, बाज, शेगडीचा धूर आणि जवळ सुईण. सुईणीच्या अनुभवी हातांनी असंख्य बाळे सुखरूप जगात आणली. तिचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण नाळ कापायला विळा किंवा जे हाताशी असेल ते पाते वापरले जाई आणि त्या वाटेने धनुर्वात बाळाच्या अंगात शिरे. पाचवी पुजताना, सटवाईपुढे कोरा कागद ठेवताना आईच्या मनात जी धाकधूक असे, तिला असे कारण होते. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच हा रोग बाळाला गाठतो. गरोदरपणातली लस आणि निर्जंतुक पाते यांच्या बळावर २०१५ साली माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

रुग्णालय हे आरंभापासून सुरक्षित स्थान होते, असेही नाही. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या विभागात सुईणींच्या विभागापेक्षा अधिक बाळंतिणी मरत. शवविच्छेदन करून आलेले हात हे त्याचे कारण, हे सेमेलवाइसने १८४७ मध्ये ओळखले. क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम त्याने घालताच मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे अडचण वेगळी होती. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा बायका मरण पत्करीत. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झाल्या. हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

आज आपली लेक-सून रुग्णालयात जाते तेव्हा तिने काय अपेक्षावे? तिचा रक्तदाब व हिमोग्लोबिन पाहिले जावे, कळा चालू असताना बाळाचे ठोके वेळोवेळी ऐकले जावेत, बाळ बाहेर येताच रक्तस्राव टाळणारे इंजेक्शन मिळावे, तासाभरात बाळाला अंगावर पाजता यावे. त्यानंतर दोन दिवस तरी घरी जाण्याची घाई होऊ नये, कारण घात होतो तो बहुधा याच काळात. सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याचे वाहन विनामूल्य आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने तो तिचा हक्क ठरविला. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षात सोबतीण असावी आणि बाईशी आदराने वागावे, हेही सांगितले आहे. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणे हा उपचाराचा भाग नव्हे.

आता आकडे पाहा. मध्य प्रदेशात २००५-०६ साली शंभरापैकी जेमतेम सव्वीस बाळंतपणे रुग्णालयात होत. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण नव्वदीपार गेले. हे थोर परिवर्तन आहे. तरीही २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे येथे १७३ माता दगावल्या; शेजारच्या महाराष्ट्रात ३३. म्हणजे दाराशी पोहोचणे पुरेसे नाही. आत रक्त, भूल देणारा डॉक्टर आणि जागी परिचारिका हवी. घरातल्यांनी निर्णयाला उशीर केला, वाटेत वाहन मिळाले नाही किंवा तेथून पुन्हा पुढे पाठविले, तर १६३१ आणि आज यांतले अंतर पुसले जाते.

तुकईथडसारख्या गावात मराठी, निमाडी, कोरकू अशा अनेक बोली कानी पडतात. कोणत्याही बोलीतली बाई असो, तिच्या दिवसांची गणना घरातील पुरुषांनाही ठाऊक असावी, रक्तगट आधी कळलेला असावा, रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल हे ठरलेले असावे. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांकडे आज वाहने आहेत आणि सर्वांच्याच अंगात रक्त आहे. रक्त देऊ शकणाऱ्यांची आणि गाडी काढू शकणाऱ्यांची एक यादी शाळेच्या कार्यालयात लावता आली, तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांना ती या व्याख्यानापेक्षा अधिक आवडेल.