शोधवृक्षाची कुळकथा

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराण्याने जतन केलेली वंशावळ उलगडली, की मूळपुरुषाचे नाव शिरोभागी, त्याखाली पुत्र, त्यांखाली नातू, असा खाली खाली पसरत गेलेला वृक्ष दृष्टीस पडतो. संगणकाच्या स्मृतीत नोंदी लावण्यासाठी योजिल्या जाणाऱ्या बायनरी सर्च ट्री या रचनेचे रूप हेच, आणि तिच्यातील जनक, अपत्य, सहोदर हे नातेवाचक शब्दही वंशावळीतलेच.

गणितात 'ट्री' ही संज्ञा रूढ केली आर्थर केली यांनी, १८५७ सालच्या निबंधात. त्या काळी ते लंडनमध्ये वकिली करीत. पण १८४२ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लरचा, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले येण्याचा, मान त्यांनी मिळविला होता, आणि तोच मान १८९९ साली दापोलीजवळच्या मुर्डी गावी जन्मलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे आला, हे रत्नागिरीकरास अभिमानाने स्मरते.

पुढे संगणक आले, आणि दप्तरखान्यातील जुनीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. क्रमवार फेरिस्तीत हवे ते नाव झटकन सापडते, परंतु मध्येच नवी नोंद घालावयाची, तर पुढच्या साऱ्या नोंदी सरकवाव्या लागतात. उलट दुव्याने दुवा जोडलेल्या साखळीत नवी नोंद सहज बसते, परंतु शोध आरंभापासून घ्यावा लागतो. हे दोन्ही गुण एकत्र आणणारी बायनरी सर्च ट्री ही रचना १९६० साली विंडली यांना, त्याच वर्षी शब्दकोशरचनेच्या विचारात असलेल्या बूथ व कॉलिन यांना, आणि १९६२ साली हिबार्ड यांना, परस्परांवर विसंबून न राहता सुचली.

जिल्ह्यातील नऊ तालुके वर्णानुक्रमाने लावावयाचे आहेत, आणि मुळाशी प्रथम रत्नागिरी ठेविले, असे समजू. चिपळूण क्रमात अलीकडचे, म्हणून डावीकडे. लांजा पलीकडचे, म्हणून उजवीकडे. खेड व दापोली चिपळुणाच्या, तर राजापूर व संगमेश्वर लांज्याच्या दोन बाजूंस. अखेर गुहागर खेडाच्या आणि मंडणगड दापोलीच्या उजवीकडे रुजू झाले. आता मंडणगड हुडकावयाचे, तर रत्नागिरी, चिपळूण व दापोली येथे विचारपूस करून चौथ्या पायरीस ते हाती लागते. सर्व नावे वाचावयाची, तर प्रत्येक ठिकाणी आधी डावी शाखा पुरी करावी, मग ते नाव घ्यावे, मग उजवीकडे वळावे. या फेरीस इनऑर्डर ट्रॅव्हर्सल म्हणतात, आणि तीत खेडापासून संगमेश्वरापर्यंतची वर्णानुक्रमी यादी आपोआप सिद्ध होते.

मात्र नावे मुळातच वर्णानुक्रमाने आली, तर प्रत्येक नवे नाव उजवीकडेच लोंबत जाऊन वृक्षाची नुसती साखळी होते, आणि संगमेश्वरासाठी नऊही पायऱ्या उतराव्या लागतात. १९६२ साली सोव्हिएत गणिती ॲडेल्सन-व्हेल्स्की व लँडिस यांनी यावर उपाय दिला: कोणत्याही ठिकाणी दोन शाखांच्या उंचीत एकाहून अधिक अंतर पडले, की दुवे फिरवून तोल सावरावा. वंशावळीत एकदा जडलेले नाते कधी पालटत नाही. येथे मात्र त्या फिरवण्यात जनक अपत्य होतो आणि अपत्य जनक, तरीही डावीकडून चालत निघालेल्यास खेडानंतर गुहागरच भेटते, आणि लांज्यानंतर संगमेश्वरच.