शाळा अंगणांत आली

मूल अक्षर गिरवूं लागतें तें पाटीवर. परंतु बोलावयास तें त्यापूर्वींच घरांत शिकलेलें असतें. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेवून बालशिक्षणाचा एक मोठा प्रयोग तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांत, डहाणू तालुक्यांत झाला.

ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचें कार्य केलें होतें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ही पद्धति शहरांतील सधन घरांपुरतीच राहूं नये, म्हणून १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यांत गेलें.

महाग साधनें तेथें कोठून यावींत? शिंपले, बिया, पानें, खडे हींच साधनें झालीं. बोलावूनही मुलें येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली, तीच अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. १९७५ सालीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हें नांव देशभर पसरलें.

वारली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठी परकी वाटावी, यांत त्याचा दोष नाहीं. घरची बोली ही पहिली पायरी. तीच काढून घेतली, तर मूल वर चढणार कसें? आईबापांस अक्षरओळख नसेल. परंतु गोष्ट सांगावयास, बिया मोजून घ्यावयास आणि मुलाचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावयास ती लागत नाहीं. साक्षरतेचा पाया तेथेंच घातला जातो.