रंगशाळेतील उमेदवारी

वेशभूषेच्या कल्पक शिक्षणाचा विचार निघाला की आज महाविद्यालये आणि पदव्या आठवतात. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूर संस्थानात ही विद्या जेथे मिळे, त्या जागेला शाळा असे कोणी म्हणत नसे. आबालाल रहिमानांसारखा चित्रकार छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी होता, १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले होते, आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणाऱ्या आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधुद्वयाच्या रंगशाळेत त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल यांच्यासारखे तरुण उमेदवारी करीत होते.

आनंदराव १९१६ साली अकाली निवर्तले. परंतु बाबूरावांनी पुढल्याच वर्षी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली, आणि गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या त्या कंपनीत ही शिष्यपरंपरा नव्या क्षेत्रात शिरली. चित्रण होण्यापूर्वीच पात्रांची रूपे, त्यांच्या हालचाली आणि त्यांचे पोशाख बाबूराव स्वतः रेखाटून ठेवीत. माझ्या मते त्यांच्या अध्यापनाचे सारे मर्म या एका रिवाजात आहे. कारण वस्त्र हे अंगावर चढविण्याचे निव्वळ साहित्य न राहता पात्राचा स्वभाव, त्याचा काळ आणि दृश्याची रचना यांच्यासह कागदावर जन्म घेऊ लागले, आणि जवळ उभ्या असलेल्या शिष्याला हे व्याख्यानावाचून उमगण्याची सोय झाली. फत्तेलालांचे पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीतील कलादिग्दर्शन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शिक्षणाची प्रत निराळी सांगावी लागत नाही.

या व्यवस्थेत एक मोठे न्यून मात्र होते. कंपनीच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’ चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर आल्या, ही त्या काळी धाडसाची गोष्ट, तथापि रंगशाळेतील ज्या उमेदवारांची नावे आज आपल्यापर्यंत पोहोचली आहेत, ती पुरुषांची आहेत. बाबूरावांच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या घरी १९२९ साली जन्मलेल्या भानुमतीला कलेचा सहवास लाभला तो घरातच, आणि तोही पितृछत्र बालपणीच हरपल्याने अल्पकाळ. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, ‘ईव्हज वीकली’ या नियतकालिकासाठी पोशाखांची चित्रे काढली, आणि १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून त्या वेशभूषाकार म्हणून नावारूपास आल्या. ‘गांधी’ चित्रपटाबद्दल जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या भानू अथैया त्याच. चित्रकाराच्या हाताने पोशाख आधी रेखाटून पाहण्याची जी दृष्टी कोल्हापुरात रुजली होती, तिचे इतके विशाल फलित दुसरे मला ठाऊक नाही.

पेंटरांच्या रंगशाळेतील ज्ञान हातातून हातात गेले. त्याचा लिखित पाठ कोणी मागे ठेवला नाही. अथैयांनी मात्र २०१० साली आपल्या वेशभूषाकलेवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ज्यांना कोणा गुरूजवळ उमेदवारी करण्याचा योग नाही अशा विद्यार्थ्यांपर्यंतही त्या परंपरेतील एका थोर कलावतीची कार्यपद्धती पोहोचली.