एसएपीमध्ये मेसेजच्या जागी नुसता कोड दिसतोय? खरी अडचण अशी शोधा

स्टोअर, अकाउंट्स किंवा डिस्पॅचमध्ये पहिली नोकरी लागली की बऱ्याच कंपन्यांत एसएपी वापरावं लागतं. समजा, गेटवर ट्रक उभा आहे, तुम्ही मिगोमध्ये जीआरएन करताय आणि सेव्ह केल्यावर खाली फक्त 'ई:झेडएमएम:०१२' असं काहीतरी येतं (स्क्रीनवर ही अक्षरं इंग्रजीत असतात). काय चुकलं ते कळत नाही, एंट्रीही होत नाही. अशा वेळी काय करायचं, ते आज मी सांगतो.

हा एरर म्हणजे नेमकं काय?

मोबाईलमधल्या ॲपमध्ये बटणांवरचा मजकूर प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या फाईलमध्ये ठेवलेला असतो. एसएपीचंही तसंच आहे. मेसेजचा मजकूर सहसा प्रोग्राममध्ये लिहीत नाहीत, तो टी१०० नावाच्या टेबलमध्ये असतो. तिथे प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: भाषा, मेसेज क्लास, तीन आकडी नंबर आणि जास्तीत जास्त ७३ अक्षरांचा मजकूर.

प्रोग्राम फक्त क्लास आणि नंबर सांगतो. ती ओळ सापडली नाही की तुम्हाला नुसता कोड दिसतो. म्हणजे मजकूर हरवलाय, पण प्रोग्रामने तुम्हाला अडवलंय ते दुसऱ्याच कारणासाठी. हा फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कोड कसा वाचायचा?

पहिलं अक्षर मेसेजचा प्रकार सांगतं:

- ई: एरर. दुरुस्ती केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
- डब्ल्यू: इशारा. एंटर दाबून पुढे जाता येतं.
- आय: माहिती.
- एस: काम झालं.
- ए: व्यवहार तिथेच रद्द.
- एक्स: प्रोग्राम बंद पडून शॉर्ट डम्प येतो.

इशाऱ्याचा मजकूर दिसत नसेल तर एंटर दाबू नका. कशाला होकार देतोय हेच आपल्याला माहीत नसतं.

मधला भाग म्हणजे क्लास. तो झेड किंवा वाय या अक्षराने सुरू होत असेल तर सहसा तो तुमच्याच कंपनीच्या डेव्हलपरने बनवलेला असतो. बाकीचे बहुतेक क्लास मूळ एसएपीचे.

मजकूर का सापडत नाही?

१. प्रोग्राम प्रॉडक्शन सिस्टिममध्ये गेला, पण मेसेज क्लासची ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट मागेच राहिली. टेस्टमध्ये चालतं आणि इथे नाही, असं असेल तर पहिला संशय यावरच घ्या.
२. तुम्ही लॉगिन केलेल्या भाषेत मजकुराचं भाषांतरच झालेलं नाही.
३. कोडमध्ये क्लासचं नाव किंवा नंबर चुकीचा लिहिलाय.
४. दुसऱ्या सिस्टिमकडून डेटा येताना क्लास किंवा नंबर रिकामाच आलाय.

तुम्ही काय करायचं?

- पुन्हा पुन्हा सेव्ह दाबू नका. आधी एंट्री खरंच झाली नाही ना, ते तपासा. नाहीतर तोच माल दोनदा चढेल.
- पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या. नुसता कोड कापून पाठवू नका.
- खालच्या मेसेजवर डबल क्लिक करा. कधीकधी तिथे जास्त माहिती मिळते.
- ट्रान्झॅक्शन कोड, वेळ, पीओ नंबर, प्लांट आणि लॉगिनची भाषा लिहून ठेवा.
- शेजारच्या सहकाऱ्यालाही तेच येतंय का, ते विचारा.

एवढी माहिती तिकिटात दिलीत तर 'नीट सांगा' म्हणून ते परत येण्याची शक्यता खूप कमी होते.

सपोर्टला बसला असाल तर

एसई९१ मध्ये क्लास आणि नंबर टाकून मजकूर आहे का बघा. नसेल तर डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये बघा. तिथे असेल तर ट्रान्सपोर्ट राहिलाय. तिथेही नसेल तर डीबगरमध्ये 'मेसेज' या स्टेटमेंटवर ब्रेकपॉइंट लावा आणि टेस्ट सिस्टिममध्ये तीच एंट्री करून बघा. प्रोग्राम जिथे थांबेल, त्याच्या वरची अट वाचा. पीओपेक्षा जास्त माल आलाय, पिरियड बंद आहे, बॅच नंबर राहिलाय, असं खरं कारण तिथेच सापडतं. मूळ एसएपीचा क्लास असेल तर सपोर्ट पोर्टलवर क्लास आणि नंबर टाकून एसएपी नोट शोधा.

काही जण घाईत एसई९१ मध्ये 'एरर आला आहे' एवढाच मजकूर भरून तिकीट बंद करतात. असं करू नका. कोड दिसायचा थांबेल, पण ट्रक गेटवरच राहील आणि पुढच्या माणसाला शोधायला धागाही उरणार नाही. मजकूर असा लिहा की स्टोअरमधल्या मुलाला काय दुरुस्त करायचं ते वाचूनच कळेल.

तुमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मित्राला हा लेख नक्की पाठवा.