आम्स्टेलकाठची सायकलवाट कोणी बांधली?

आज तुम्हाला आपल्या उइटहॉर्नमधून सायकलवर बाहेर काढायचं आहे. फार लांब नाही, वाटेत थांबत, गप्पा मारत. टायरमधली हवा तेवढी बघून घ्या, आणि वारा समोरून असेल तर कुरकुर करू नका. या देशात डोंगर नाहीत, चढाची कसर वारा भरून काढतो.

आपण भारतातून इथे येतो, पहिल्या महिन्यात एक जुनी सायकल घेतो आणि लाल रंगाच्या वेगळ्या वाटेवरून जायला लागतो. थोड्याच दिवसांत ती वाट आम्स्टेल नदीइतकीच मुळापासून इथे असल्यासारखी वाटते. ही वाट कोणी मागितली, कोणी बांधली, हे आपण कधी विचारत नाही. आज ते विचारू.

सुरुवात नदीकाठाहून करू. एका हाताला आम्स्टेलचं पाणी आणि दुसऱ्या हाताला, पाण्यापेक्षा खाली, गायींची कुरणं. आपण ज्या उंचवट्यावरून सायकल चालवतो तो बांध आहे. शेकडो वर्षं इथल्या लोकांनी इंधनासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणून काढली. जमीन खचली, तळी झाली, मग ती तळी उपसून पुन्हा शेतं केली. बांध बांधला पाणी अडवायला. त्यावरची वाट ओघाने झाली.

आता गावाच्या कडेचे किल्ले बघा. फोर्ट आन द द्रेख्त गावाच्या हद्दीत आहे, नदीपलीकडे आम्स्टेलहुकला फोर्ट बै उइटहॉर्न. रायगड-सिंहगड डोळ्यांसमोर असेल तर निराशा होईल, कारण हे काँक्रीटचे बुटके किल्ले गवताखाली लपलेले आहेत. आम्स्टरडॅमभोवती अशा किल्ल्यांचं सुमारे १३५ किलोमीटरचं कडं १८८० नंतरच्या चार दशकांत उभं राहिलं. खरं शस्त्र मात्र पाणी होतं. शत्रू आला की दरवाजे उघडून शेतं साधारण गुडघाभर पाण्यात बुडवायची. एवढ्या पाण्यात सैन्याला चालता येत नाही, तोफा ओढता येत नाहीत आणि होडीही चालत नाही. खालचे खड्डे आणि चर दिसत नाहीत ते वेगळंच.

या कड्यावर मोठी लढाई कधी झालीच नाही. विमानं आली आणि पाण्याचा धाक संपला. पण १८५३ च्या एका कायद्याने किल्ल्यांभोवतीच्या बांधकामावर बंधनं घातली होती. अगदी जवळ घर बांधायचं तर ते लाकडाचं, म्हणजे वेळ आली तर चटकन जाळता यावं. हा कायदा १९६३ पर्यंत टिकला. आज किल्ल्यांच्या आसपास तुम्हाला जी मोकळी शेतं दिसतात, त्यांत या कायद्याचाही वाटा आहे. १९९६ मध्ये युनेस्कोने या कड्याला जागतिक वारसा म्हटलं, आणि आता किल्ल्यामागून किल्ला बघत लोक सायकलने फिरतात.

गावात परत येताना जुन्या रेल्वे स्टेशनची इमारत लागते. १९१५ मध्ये इथे आगगाडी आली, १९५० मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. मोटार आणि बस आल्यावर लहान गावांची गाडी कोणाला नको झाली. त्याच मार्गावरून जुलै २०२४ मध्ये २५ नंबरची ट्राम आपल्या गावात आली. मार्गाची जमीन राखून ठेवली होती, म्हणून हे जमलं.

आता सायकलकडे येऊ. १८८३ मध्ये काही सायकलस्वारांनी एक संघटना काढली. आज तिला आपण रस्त्यात गाडी बंद पडली की फोन करतो, तीच ही एएनडब्ल्यूबी. नावातला डब्ल्यू म्हणजे डच भाषेतला सायकलस्वार. रस्ता दाखवणाऱ्या पाट्या लावण्याचं काम या संघटनेने अंगावर घेतलं. १९१९ पासून तिने अळंबीच्या आकाराचे बुटके खुणेचे खांब लावले. जंगलात, माळावर ते अजून भेटतात.

१९२४ मध्ये सरकारने सायकलवर कर बसवला, वर्षाला तीन गिल्डर. कर भरला की धातूचा बिल्ला मिळे. आपल्याकडे नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला ज्यांना आठवतो त्यांना हसू येईल. गरिबांना बिल्ला फुकट होता, पण त्याला मधोमध भोक असे. म्हणजे गरिबी चारचौघांत मिरवत फिरायचं. हा कर १९४१ पर्यंत चालला.

मग युद्ध. जर्मन सैन्याने सायकली जप्त केल्या. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात आम्स्टरडॅमची माणसं, त्यांत पुष्कळ बायका, उरलेल्या सायकली घेऊन खेड्यापाड्यांत बटाटे आणि धान्य मागत फिरल्या. रबर मिळत नसे, म्हणून कुणाच्या चाकावर लाकडी धाव, तर कुणाचं चाक नुसतंच लोखंडी. सायकलची सहल म्हटलं की आपल्याला डबा आणि थर्मास आठवतो. त्या वर्षी सायकल होती म्हणून काही घरांत चूल पेटली.

युद्धानंतर समृद्धी आली आणि मोटारी आल्या. सायकल मागे पडली. शहरांतले रस्ते रुंद झाले, चौक वाहनतळ झाले. हे चित्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. पुण्यालाही एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत.

१९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली होती. १९७२ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लिहिलं, आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी वाहतूक अडवली. पाठोपाठ तेलाचं संकट आलं. ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद होत्या, आणि लोक मोकळ्या हमरस्त्यावर सायकल चालवायला बाहेर पडले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी संघटना निघाली. तिलबर्ग आणि द हेगमध्ये सरकारच्या मदतीने नमुन्याच्या सायकलवाटा झाल्या, मग हळूहळू गावोगाव. आजही इथे वर्षाला साधारण सातशे माणसं रस्त्यावर दगावतात, आणि त्यांत सायकलवरची वयस्क माणसं बरीच असतात. तेव्हा काम संपलंय असं कोणी म्हणू नये.

आता वाटेवरच्या पांढऱ्या पाटीवरचे हिरवे आकडे बघा. ही कल्पना बेल्जियमच्या लिंबुर्गमधल्या हुगो बॉलेन या खाण अभियंत्याची. कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या फाट्यांना क्रमांक असतात, तसेच सायकलवाटांच्या फाट्यांना दिले तर? १९९५ मध्ये तिकडे सुरुवात झाली, १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये. चार-पाच आकडे कागदावर लिहून हँडलला लावा, बस. आजीआजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही डच न वाचता वाट सापडते.

हेच आकडे बघत बघत तुम्ही एका सकाळीत एैमौडेनच्या बंदरावर पोचता. तिथून रात्रीची बोट न्यूकॅसलला जाते, सायकलसकट. पुढे समुद्रकाठाने उत्तरेला एडिंबरा, ॲबरडीन, इनव्हर्नेस आणि शेवटी ऑर्कनी-शेटलंडची बेटं. उत्तर समुद्राला वळसा घालणारा हा सुमारे सहा हजार किलोमीटरचा सायकलमार्ग २००१ मध्ये सुरू झाला. न्यूकॅसल ते एडिंबरा हा किल्ल्यांचा आणि किनाऱ्याचा टप्पा तेवढा केलात तरी ३२० किलोमीटर होतात. तिथे चढ आहेत, पाऊस आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तुमची वाट आणि मोटारींचा रस्ता एकच असतो. तेव्हा आपल्या गावातल्या लाल वाटेची किंमत कळते. उलट, जबाबदारीने वागलात तर शेतामाळावरून सायकल नेण्याचा हक्क स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने दिला आहे. तो मोकळेपणा इथे नाही.

इथल्या शाळेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांची रस्त्यावर सायकलची परीक्षा होते. तुमचं मूल पहिल्यांदा एकटं शाळेला निघेल त्या दिवशी दारात उभं राहून तुमचा जीव खालीवर होईल. होऊ द्या. पण ते ज्या वाटेने जाईल, ती तुमच्यासारख्याच घाबरलेल्या आईबापांनी मागून घेतलेली आहे. आणि गावी, आपल्या पुण्या-नाशकात, कोणी अशी वाट मागत असेल, तर सुट्टीत गेल्यावर त्यांच्याबरोबर जाऊन उभे राहा.

रविवारी हवा बरी असेल तर निघा. पाण्याची बाटली आणि पंक्चरचं सामान विसरू नका. पुन्हा भेटू.