म्बुना
मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे, दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणारे आफ्रिकन सिक्लिड मासे. दिसायला शोभिवंत, स्वभावाने नव्हे. घरच्या टाकीत मोजकेच ठेवले, तर बलवान नर एखाद्या दुबळ्याला हेरून मरेपर्यंत छळतो. म्हणून ४०० लिटरांच्या टाकीत वीस-पंचवीस मासे, प्रत्येक नरामागे अनेक माद्या आणि भरपूर कपारी ही दाटी क्रूर वाटली तरी सयुक्तिक ठरते, कारण हल्ले विभागले जातात. दाटीने पाणी बिघडते हा आक्षेप खराच. शिवाय या माशांना मानवणाऱ्या अल्कधर्मी पाण्यात (सामू सुमारे ८) अमोनिया अधिक विषारी होतो. मात्र त्यावर मासे घटवणे हा उपाय नव्हे. घटवले की छळ परततो. जोरकस गाळणी, बेताचे वनस्पतिजन्य खाद्य आणि दर आठवड्याला निदान चौथाई पाणी बदलणे एवढे जमत नसेल, तर म्बुना पाळूच नयेत.